व्हर्नाचं धुरघर

व्हर्नानं धुरघराचं दार उघडलं आणि ती तिथंच मटकन बसली. दांड्यांवर टांगलेल्या सॅल्मनच्या पट्ट्या शिजून, सुटून, खाली राखेत पडल्या होत्या.

सोमवारी विमानतळाच्या तिकीटखिडकीवर कामाला उभं राहायचं, म्हणून तिनं आल्डरची लाकडं दुप्पट घातली होती. धूर द्यायचा तर आग निजल्यासारखी हवी. घाईत तिनं ती पेटती ठेवली.

गावात घराण्यांच्या दोन बाजू, डोमकावळे आणि गरुड; बाजू आईकडून येते, म्हणून व्हर्ना आईसारखी डोमकावळ्यांतली, वडील गरुडांतले. आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे गरुडांच्या घराण्यांनी सगळं केलं. थडगं खणलं, खांदा दिला, घरच्यांना सांभाळलं. आता वर्ष होत आलं होतं. डोमकावळ्यांच्या घराण्यांनी त्यांना बोलावून जेवू घालायचं होतं. मासे माझ्याकडे, आईच्या धुरघरातले, असं व्हर्ना सगळ्यांना सांगून बसली होती.

आईचा धाकटा भाऊ सायरस दारात येऊन राखेकडे बघत राहिला.

"मासे भाजायचे होते होय? मला वाटलं, सुकवायचे."

"मामा, नको ना."

"बरं, राहिलं. हे झटकून घरी खाऊ. कोहो सॅल्मन अजून नदीत चढतायत, उद्या नवे आणतो. पण धुराशी बसणार कोण?"

"मीच. सुट्टी मागते."

"गेल्या आठवड्यात मागितलीस ना? काय म्हणाला साहेब?"

व्हर्ना राखेतल्या पट्ट्या गोळा करू लागली.

"ड्वेनला बसव."

ड्वेन तिचा मावसभाऊ. "त्याला पाणी तापवता येत नाही, मामा! आणि आईच्या धुरघरात?"

"तुझी आई त्याची मावशीच होती ना? हे जेवण सगळ्या घराण्याचं आहे, पोरी. तू एकटीनं रांधलंस तर गरुड विचारतील, बाकीचे कावळे मेले की काय?"

व्हर्नाला हसू आलं, मग रडूही आलं. डोळे पुसून तिनं ड्वेनला फोन लावला.

मंगळवारी खिडकीशी तिची आत्या उभी होती, अर्लीन. आत्या वडिलांकडची, म्हणजे गरुड. जेवणाला येणाऱ्या पाहुण्यांतली. विमान छोटं, सगळ्यांचं वजन विचारावं लागे.

"आत्या, वजन?"

"गेल्या वेळचंच लिही. कमी झालं तर कळवीन."

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आग विझतेय. लाकूड घालू?" ड्वेन खोकत होता.

"धूर आहे का?"

"आहे का? डोळे गेले माझे!"

"मग विझत नाहीये. हात लावू नकोस."

"पण फार हळू चाललंय गं. जेवणापर्यंत तयार होतील ना?"

आत्यानं सगळं ऐकलं होतं. ती खिडकीतून आत वाकली. "त्याला म्हणावं, घाई करू नकोस. खाणारे आम्ही आहोत, आम्हाला थांबता येतं."

मागे रांग वाढत होती. संध्याकाळी जाऊन आपणच आगीशी बसायचं, असं व्हर्नानं सकाळपासून मनात धरलं होतं.

"ड्वेन," ती म्हणाली, "बरोबर चाललंय तुझं. मी आज येत नाही. तूच बघ."