भिंतीची रेघ सरळ होती

आरतीचा व्हिडिओ लुकलुकत होता आणि भालचंद्ररावांनी त्याचं खापर बैठकीतल्या ट्यूबलाइटवर फोडलं होतं. इंदूरच्या अंबरीशकाकांना यंदा गणपतीला येता आलं नव्हतं, त्यांना तो पाठवायचा होता. "सिनेमावाल्यांची चित्रं ठीक करतेस, घरचं एवढं करून दे," असं लेकीला सांगून ते नया बाज़ारात फुलं आणायला गेले.

अवंतिकाला हे काम म्हणजे हातचा मळ. तिने मोजणीची चौकट सरळ गणपतीच्या मुखावर ठेवली. घरच्या देवाला सोडून दुसरीकडे ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. सॉफ्टवेअर एकेका फ्रेममधला उजेड मोजत गेलं आणि पडद्यावर रेघ उमटली. निरांजन जवळ आलं की रेघ वर, लांब गेलं की खाली. ते ठीकच होतं. पण सगळ्या रेघेला करवतीसारखे बारीक दाते होते.

खात्रीसाठी तिने चौकट मागच्या भिंतीवर नेली. भिंतीची रेघ सरळ आली. ट्यूबचा दोष असता तर भिंतही लुकलुकली असती. पंखा म्हणावा, तर आरतीला तो बंदच असतो.

मग तिला बसवेना. पाणी प्यायली, गॅलरीत जाऊन आली, आणि शेवटी गेल्या वर्षीचा व्हिडिओ उघडला. तेच निरांजन, ते धरणारे तेच बाबा, पण रेघ गुळगुळीत. बाबा हल्ली कपबशी सोडून अर्धा ग्लास चहा घेत, आणि तिने त्यावरून त्यांची थट्टा केली होती. तिला भीती वाटली, लपवलं म्हणून रागही आला. दाते पुसणं सोपं होतं. तिने पुसले नाहीत.

संध्याकाळी आरतीला घरच्यांनी रीतीप्रमाणे बाबांच्या हाताला बोटं लावली. अवंतिकाने मात्र त्यांचं मनगटच धरलं. थरथर तिच्या तळव्याला लागली. बाबांनी हात सोडवून पाहिला, मग तसाच राहू दिला.

गणपतीची आरती संपली तेव्हा ते हळूच म्हणाले, "ट्यूब नव्हती ना?"

"नाही. कल चलते हैं, बाबा. डॉक्टरकडे."

"अंबरीशला कळेल."

"कळू दे."

आईने देवीची आरती सुरू केली. बाबांनी निरांजन लेकीच्या हाती दिलं आणि स्वतःची बोटं तिच्या कोपराला लावली.