घोड्याचे मागचे पाय

त्याचं आडनाव पाठक नव्हतं. पण नाटक कंपनीत सगळे त्याला पाठकच म्हणत, कारण घोड्याच्या पोटात तो पाठीमागे असायचा. आणि जो पुढे राहून घोड्याची मान आणि पुढचे दोन पाय सांभाळायचा, तो पुढारी. ही नावं कुणी पाडली ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ती इतकी चिकटली होती की पुढारीची बायकोसुद्धा फोनवर सांगायची, "आमचे पुढारी अंघोळीला गेलेत, नंतर करा."

कंपनी लहान मुलांची नाटकं करायची. त्यांतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चाललेलं नाटक पूल ओलांडायला घाबरणाऱ्या एका घोड्याचं होतं. त्याला कुणी साखर दाखवतं, कुणी रागावतं, कुणी मागून ढकलतं. तो काही हलत नाही. शेवटी सगळे कंटाळून निघून जातात, घोडा एकटा उरतो आणि नाचायला लागतो. नाचता नाचता पुलाच्या तोंडाशी एकदा अडतो, मग पलीकडे कधी पोचतो ते त्याचं त्यालाच कळत नाही. या नाचासाठी बाईंनी दोन शिकलेले नर्तक घेतले होते. बाई म्हणजे कंपनीच्या मालकीण, दिग्दर्शिका, आणि वेळ पडली तर दारात उभं राहून तिकिटं फाडणाऱ्यासुद्धा. "घोडा नुसता हसवणारा नकोय मला," त्या म्हणायच्या. "आत माणसं आहेत हे पोरांच्या डोक्यातून पार गेलं पाहिजे."

पाठक लहानपणापासून नाच शिकलेला. नोकरी करून दमून आलेली आई त्याला हाताला धरून क्लासला न्यायची आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपून जायची. पुढे तो मोठमोठ्या समूहांत नाचला, कधी दुसऱ्या रांगेत, कधी तिसऱ्या. तिशी ओलांडली तशी ती कामं आटली. त्याच वेळी बाईंनी विचारलं, "घोड्याचे मागचे पाय करशील?" त्याला हसूच आलं होतं. पण पहिल्याच तालमीत त्याने वाकून पुढारीचा कमरपट्टा धरला, वरून वेत, फोम आणि कापड यांची ती झूल पडली आणि अंधारात पुढारीचा श्वास त्याच्या हातांना कळला. मोजणं नाही, खूण नाही, पुढारीने श्वास घेतला की याचा पाय उचललेला असायचा. इतकं नेमकं तो कधीच कुणाबरोबर नाचला नव्हता. आतून त्याला फक्त एक पट्टा आणि जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसायची. मुलांचं हसणं शेजारच्या खोलीतून यावं तसं यायचं. घामाने डोळे झोंबायचे. तरी प्रयोग संपून झूल निघाली की त्याला वाटायचं, आणखी एकदा.

घरी हा थट्टेचा विषय होता. लेकीला शाळेत टीचरनी विचारलं, बाबा काय करतात. ती म्हणाली, "बाबा घोडा आहेत. अर्धा."

"पुढचा अर्धा की मागचा?" टीचरनी हसू दाबत विचारलं.

"मागचा," ती ऐटीत म्हणाली. "लाथ तेच मारतात."

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. हा किस्सा तिने तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला. तिचा थोरला भाऊ, म्हणजे पाठकचा मेव्हणा, फर्निचरच्या शोरूमचा मालक. तो म्हणायचा, "जावईबापू, माणसाने निदान पुढच्या पायांपर्यंत तरी बढती घ्यावी." सगळे हसायचे, पाठकही हसायचा.

त्या वर्षी हंगाम अर्ध्यावर आला असताना बाईंनी सगळ्यांना रंगमंचावरच बसवून घेतलं. हॉलच्या मालकाला तिथे व्यायामशाळा काढायची होती. "हा हंगाम संपेपर्यंत हॉल आपला," बाई म्हणाल्या. "पुढचं मी बघतेय, पण शब्द देत नाही. खोटी आशा दाखवून तुम्हाला धरून ठेवायचं नाहीये मला. कुणाला दुसरं काही मिळत असेल तर खुशाल घ्या."

बाहेर पडताना पुढारीने पाठकला जिन्याशी थांबवलं. "तुला आधी सांगतो. मी सोडतोय. गुडघा ऐकत नाही आता. तरणतलावावर शिकवायला बोलावलंय, पाण्यात गुडघ्याला बरं असतं."

"आणि मी?"

"तुला नवी मान मिळेल की."

"इतकी वर्षं मान मिळाला नाही, आता कुठून मिळणार?"

दोघं खो खो हसले. पुढारीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कठड्याला धरून हळूहळू खाली उतरला.

रविवारी मेव्हणा घरी आला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "शोरूममध्ये माणूस हवाय मला. गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, विश्वासाचा. बाहेरचा ठेवण्यापेक्षा तू ये. चाळिशीला टेकलास आता. वाकणं पुरे झालं."

"दादा, हंगाम संपेपर्यंत विचार करू दे."

"कर. पण जागा फार दिवस मोकळी नाही ठेवता यायची."

तो गेल्यावर बायको कपबश्या उचलत म्हणाली, "दादा तुझ्या भल्याचंच बोलतोय."

"माहितेय. त्याचाच तर त्रास होतोय. टोचून बोलला असता तर नाही म्हणणं सोपं होतं."

ती कपबश्या तशाच ठेवून त्याच्या शेजारी येऊन बसली. "मी काही म्हणणार नाही. मला दोन्ही चालेल. फक्त घरात चिडचिड नको." तिला दोन्ही चालेल, हे खरं होतं. अशी बायको मिळाल्याबद्दल आपण कुणाचे आभार मानायचे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने उठून कपबश्या आत नेल्या.

दोनेक आठवड्यांनी, एका सकाळच्या प्रयोगाला, मागच्या जिन्यावर पुढारीचा गुडघा अडकला तो अडकलाच. त्याला दोघांनी उचलून खुर्चीत बसवलं. पाय सरळ होईना. पडद्यापलीकडे एका अख्ख्या शाळेची मुलं येऊन बसली होती, त्यांचा गलबला आत येत होता.

"मी शाळेच्या हेडमास्तरांशी बोलते," बाई म्हणाल्या. "आजचा प्रयोग रद्द."

"पुढच्या पायांचा नाच मला पाठ आहे," पाठक म्हणाला.

"आणि मागे कोण? भिंत?"

"बाई, हा नाच बसवला कुणी?"

बाईंना कळायला क्षणभर लागलं. "डोकं फिरलंय का तुझं? मी साठीला आले!"

"वाकायचंच तर आहे."

"वाकायला कंबर लागते रे. ती कुठेय आता?"

खुर्चीतून, गुडघ्यावर बर्फ धरून, पुढारी कण्हत म्हणाला, "जा ना बाई. याला पुढे घाला, तुम्ही मागे जा. मी इथे बसून दोघांच्या चुका काढतो."

बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग गळ्यातला चष्मा काढून कपडेवालीच्या हातात दिला. "कुणी हसायचं नाही," असं बजावलं आणि स्वतःच आधी हसल्या.

पाठक पुढारीपेक्षा बुटका. घोड्याची मान त्याच्या खांद्यांवर जरा डुगडुगत होती. मागून बाईंनी त्याचा कमरपट्टा धरला. आपल्या कमरेला असे हात पहिल्यांदाच लागत होते. त्याला वाटलं, पुढारीला इतकी वर्षं हे असं वाटत असणार: मागे कुणीतरी आहे, आपण पडलो तर तोही पडेल, म्हणून आपण पडायचं नाही.

ते रंगमंचावर गेले आणि पाठक थबकला.

घोड्याच्या मानेखाली जाळी होती. त्या जाळीतून मुलं दिसत होती. एवढ्या वर्षांत त्याने नाचताना मुलं पाहिलीच नव्हती. पुढचे दात पडलेले, नाकात बोट घातलेले, एकमेकांच्या मांडीवर रेललेले. एका मुलीने दोन्ही हात गालांवर दाबून धरले होते. एक मुलगा शेजारच्याला सांगत होता, आणि ओठांच्या हालचालीवरून कळत होतं: खरा आहे, खरा.

"चल की रे!" बाईंनी आतून डोक्याने ढुशी दिली.

घोडा दचकून पुढे सरकला. मुलं हसली.

मग नाच आला. पुलाच्या तोंडाशी घोडा एक पाय पुढे टाकतो आणि अडतो. पुढचे पाय पुलावर रोवलेले, मान स्थिर, फक्त मागचा एक पाय जमीन उकरत राहतो. जाऊ की नको, जाऊ की नको. या ठिकाणी हॉल नेहमी गप्प व्हायचा. एकदम गप्प. पाठकला आत, अंधारात, वाटायचं की इथे पोरं कंटाळतात. म्हणून गेल्या काही वर्षांत तो ती जागा थोडी थोडी घाईने उरकायला लागला होता. कुणाला त्याने हे सांगितलं नव्हतं.

आज तो पुढे होता. स्थिर उभं राहून जाळीतून बघण्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं. आणि त्याला दिसलं की त्याच्याकडे कुणीच बघत नाहीये. सगळ्या माना वळल्या होत्या, सगळे डोळे मागे गेले होते, घोड्याच्या मागच्या पायावर. पुढच्या रांगेतली मुलं खुर्चीच्या कडेला आली होती. टीचरसुद्धा. बाईंचा पाय उकरत होता, आणि कमरपट्ट्यावरच्या हातांतून त्याला कळत होतं, तो खरोखरच थरथरतोय, वयाने किंवा भीतीने. कुणाची पापणी हलत नव्हती. मग तो पाय उचलला गेला, पुलावर पडला, आणि सबंध हॉलने एकदम श्वास सोडला.

घोड्याच्या मानेत दोन्ही हात गुंतलेले असताना डोळे पुसता येत नाहीत. पाठकने तसाच नाच पुरा केला.

विंगेत आल्यावर बाई जमिनीवर उताण्या पडल्या. केस चिकटलेले, चेहरा लालबुंद. कपडेवाली पुठ्ठ्याने वारा घालत होती.

"एवढ्या उकाड्यात राहिलास तू इतकी वर्षं?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "कधी बोलला नाहीस!"

"बोललो होतो. छोटा पंखा बसवा म्हणालो होतो."

"मी काय म्हटलं?"

"घोड्याला पंखा नसतो म्हणालात."

बाई पोट धरून हसल्या. मग उठून बसल्या आणि आपले गुडघे चोळायला लागल्या. "माझं हे संपलं असं धरूनच चालले होते रे मी," त्या हळूच म्हणाल्या. "तू ओढलंस म्हणून गेले. बरं केलंस."

पाठक म्हणाला, "बाई, मागचे पाय तुम्ही मला दिलेत. मी काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी तो पुढारीच्या घरी गेला. पुढारी पाय उशीवर ठेवून बसला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर पाठक म्हणाला, "तुला माहीत होतं? पुलापाशी सगळे मागे बघतात."

"बघतातच."

"इतकी वर्षं?"

"पहिल्या प्रयोगापासून. मी तिथे मुद्दाम पापणीसुद्धा हलवत नाही. हललो तर त्यांचं लक्ष तुटेल."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर शेफारला असतास." पुढारीने पायाखालची उशी सारखी केली. "आणि तू घाई करायला लागलास ते मला कळलं होतं. वाटलं, दमत असशील बिचारा. म्हणून तेही नाही बोललो."

पुढारीच्या बायकोने चहा आणला, तो दोघांनी प्यायला. निघताना त्याने पुढारीचा हात हातात घेतला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. पुढारी म्हणाला, "पुरे आता, गुडघा गेलाय, मी नाही गेलो."

तिथून तो सरळ शोरूममध्ये गेला. मेव्हणा एका गिऱ्हाइकाला कपाट दाखवत होता. ते जाईपर्यंत पाठक थांबला.

"दादा, काम घेतो मी. मनापासून घेतो. पण दुपारपासून. प्रयोग असतील तोवर सकाळ माझी."

"आणि प्रयोग बंद पडले तर?"

"तर सकाळीपण येईन. त्या दिवशी तोंड पाडून आलो तर समजून घे."

मेव्हण्याने कपाटाचं दार दोनदा उघडलं, लावलं. "तशी गर्दी संध्याकाळचीच असते," तो पुटपुटला. मग म्हणाला, "तुमचा तो घोडा आहे कधी? मी मेला अजून पाहिलाच नाही."

हॉलमधल्या शेवटच्या प्रयोगाला तो आला, बायकोमुलांना घेऊन. तोवर बाईंना नवी मान सापडली होती, एक उंच, काटक मुलगी. पुढारी खुर्चीत बसून तिला महिनाभर शिकवत होता. पाठक पुन्हा मागे, आपल्या जागी होता. पुलापाशी त्याने अजिबात घाई केली नाही. पुढच्या मोसमाचं अजून काहीच नक्की नव्हतं. दोन शाळांनी आपापली सभागृहं देऊ केली होती, त्यानंतर काय ते बाईंनाही माहीत नव्हतं, आणि विचारलं तर त्या तसं सांगत होत्या.

प्रयोगानंतर हॉल रिकामा करायचा होता. सामान बाईंच्या गॅरेजमध्ये न्यायला टेम्पो हवा होता. मेव्हण्याने फोन करून शोरूमचा टेम्पो मागवला आणि स्वतः अंगावरचा कोट काढून हात लावायला आला. पूल गेला, झाडं गेली, शेवटी घोडा. शोरूमच्या माणसांनी मान एका बाजूने उचलली तसा मेव्हणा ओरडला, "अरे जपून! काचेचं कपाट समजा. आणि तो मागचा भाग आधी नीट धरा, तोच महत्त्वाचा आहे."

पाठकची बायको लेकीला कडेवर घेऊन फाटकाशी उभी होती आणि हसू आवरत नव्हती. पाठकने दुसरी बाजू धरली. मेव्हणा आणि तो, दोघांनी मिळून घोडा उचलला, सोफ्यांवर घालायच्या जाड चादरीत गुंडाळला आणि टेम्पोत आडवा ठेवला.

"दादा," पाठक म्हणाला, "थँक्यू हं."

"बस पुढे," मेव्हणा म्हणाला. "बाईंचं घर मला माहीत नाही, रस्ता तूच दाखव."