रुमालाखालची बोटं

सहादेवतात्याचा जीव माझ्या हावरटपणानं जानार हुता. खोटं न्हाई सांगत.

आमी दोघं काष्टीच्या बाजारातले जनावरांचे व्यापारी. तीस वर्षांचे दोस्त अन् तीस वर्षांचे वैरी. आमचा भाव तोंडानं ठरत न्हाई. हातावर रुमाल टाकायचा अन् खाली समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं, तितके दहा हजार. बघनाऱ्याला ढिम्म कळत न्हाई.

त्या दिवशी तात्याच्या खिलार खोंडावर माझा जीव जडल्ता. त्यानं माझी पाचही बोटं आवळली. "म्हाताऱ्या, लाज धर!" मी म्हनलो. तेवढ्यात कारखान्याचा बाराचा भोंगा झाला अन् तात्याची पकड सुटत गेली. चार, तीन, दोनच बोटं राहिली! मला आभाळ ठेंगणं झालं.

"दिला?" मी विचारलं. तात्या गप. म्हनलं, मनाला लागलं असंल. त्यानं शब्द फिरवायच्या आत मी चहा सांगाय पळालो.

आलो तर तात्या खांबाला टेकलेला, एका बाजूचा ओठ ओघळलेला. भोवती ही गर्दी! कुनी कांदा हुंगवतंय, बाजारातला रामहरी पानी पाजाय निघालाय.

"पाणी नका देऊ! ठसका लागून छातीत जाईल!" तात्याची सून निकिता डबा घेऊन आल्ती. नगरच्या दवाखान्यात नर्स हाय ती. "तात्या, हसा बरं. दोन्ही हात वर करा." तोंड वाकडं झालं, उजवा हात धपकन पडला. नाव विचारलं, तर नुसतं बबबब.

"लकवा आहे हा. साडेचार तासांच्या आत इंजेक्शन मिळालं, तर हात वाचू शकेल. पण सुरू कधी झालं? वेळ कळल्याशिवाय डॉक्टर ते देणार नाहीत. कुणी बघितलं का?"

बघितलं हुतं मीच. पन दोस्ताचा हात लुळा पडत हुता अन् हा पठ्ठ्या भाव मोजत हुता, हे सांगितलं तर बाजार तोंडावर थुंकंल.

"बाराच्या भोंग्याला!" मी ओरडलो. "माझ्याच हातातून सुटली त्याची बोटं. मला वाटलं, भाव उतरला!"

शिव्या घालायलाबी तिनं वेळ दवडला न्हाई. "छगनकाका, पिकअप काढा!"

मी अशी दामटली गाडी, अशी दामटली! शेजारी निकिता तात्याला कुशीवर धरून फोनवर दवाखान्याला सांगतीय, "बारा वाजता, बरोबर बारा!" दोनच्या आत नगर गाठलं. स्कॅन झालं, इंजेक्शन गेलं. मी देवळात नवस केला, अन् खोंडाचं नावबी काढलं न्हाई.

जीव वाचला. हात मात्र तसाच लुळा. निकिता दर दोन तासांनी कूस बदलायची, नीट बसवूनच चमच्यानं भरवायची, एकेक बोट हलवायची. तात्याचं तोंड आपलं भिंतीकडं. घरी आनल्यावरबी तेच. मग तिनं मला बोलावलं.

"काका, सौदा अर्धाच राहिलाय ना? रोज येऊन करा."

रोज गेलो. रुमाल टाकायचा, त्याचा हात हातात घ्यायचा. पंधराव्या दिवशी माझं एक बोट जरासं दाबलं गेलं.

"दहा हजारात दिला?" मी चिडवलं. तात्यानं असे डोळे वटारले, की निकिता टाळ्या पिटत नाचायलाच लागली!

महिन्यानं दुसरं बोट, मग तिसरं. अन् काल सकाळी त्यानं माझी पाचही बोटं आवळली. अशी आवळली, की मी कळवळलो.

"पाच," तात्या बोबडं बोलला. "एक कमी न्हाई, चोरा."

"घेतला, म्हाताऱ्या, घेतला!" मी रडत ओरडलो. पन हात काही सोडवून घेतला न्हाई.