शब्दाला शब्द

मालकाने माइकवर टिचकी मारली आणि फोरमनकडे बोट दाखवून म्हणाला, "धिस मॅन इज द टॉप डॉग हिअर."

दुभाषी शेजारीच उभी होती. टॉप डॉग म्हणजे ज्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही असा माणूस, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने माइक स्वतःकडे ओढला.

"साहेब म्हणतात, हा माणूस इथला सगळ्यात मोठा कुत्रा आहे."

फोरमनला निरोप द्यायला सगळे कामगार जमले होते. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा कारखाना हसू लागला. आपलं भाषण रंगतंय असं वाटून मालकाला चेव चढला. हा जन्मभर 'लाइक अ डॉग' राबला, याची चिकाटी 'डॉगेड', म्हणजे हार न मानणारी, असं तो म्हणाला.

"कुत्र्यासारखा राबला," ती म्हणाली. "कुत्र्यासारखा चिकटून राहिला."

आवाज तिने जराही हलू दिला नाही. इथल्या प्रेस मशीनमध्ये तिच्या दादाची बोटं गेली, तेव्हा याच फोरमनने चौकशीत सांगितलं होतं की पोरगा पिऊन आला होता. दादा दारूला शिवतही नसे. तेव्हापासून तो चार माणसांत जेवायला बसला नव्हता. तिने हट्टाने याच कारखान्यात नोकरी धरली होती. आज काळजाला थंडावा मिळत होता.

फोरमन उत्तर द्यायला उठला. हसणं विरेपर्यंत थांबला आणि तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "इंग्रजी मला कळतं, पोरी. तू कुणाची बहीण, तेही."

मग तो माइकसमोर आला.

"हिचा भाऊ त्या दिवशी प्यायलेला नव्हता. माल लवकर निघावा म्हणून मशीनचं सुरक्षेचं गार्ड मीच काढायला लावलं होतं. वरून दम आला, मी खोटं बोललो. ही सांगते ते बरोबर आहे. मी कुत्राच होतो."

आता कुणी हसेना. मालकाने हसतमुखाने तिच्याकडे कान नेला.

"व्हॉट डिड ही से?"

ती मालकाकडे वळली. मग एकेक वाक्य नीट इंग्रजीत सांगितलं. दादा, गार्ड, वरचा दम, खोटी साक्ष. मालकाचं हसू मावळत गेलं.

"इज दॅट ऑल?"

फोरमन तिच्याकडेच बघत होता. शेवटचं वाक्य अजून राहिलं होतं.

"येस," ती म्हणाली. "दॅट्स ऑल."