पाच महिन्यांचं अंतर

थोरली परदेशात परिचारिका होती. अकरा वर्षं तिथे राबल्यावर मागच्या वर्षी तिला त्या देशाचं नागरिकत्व मिळालं. नागरिकाला आपल्या आईला कायमचं बोलावून घेता येतं, म्हणून तिने सगळ्यात आधी आईचा अर्ज भरला. या अकरा वर्षांत मायलेकींची भेट दोनदाच झाली होती. अर्जात घरातल्या प्रत्येकाची जन्मतारीख हवी होती. तिने ती शाळेच्या दाखल्यांवरून उतरवली. स्वतःची जूनमधली, धाकट्या भावाची त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली.

तिथल्या कार्यालयाने बोटं मोजली. जून ते नोव्हेंबर, पाच महिने. एका आईला पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं होत नाहीत. तेव्हा या दोघांतलं तुमचं कोणतं, ते साठ दिवसांत पुराव्यासह कळवा, असं पत्र आलं.

धाकट्याने ते सोपं करून आईला वाचून दाखवलं. ती शिलाई मशीनवर शर्टाची कॉलर उलटवत होती. तिचा पाय थांबला.

"कोणतं म्हणजे? दोन्ही माझीच."

धाकटा हसला. त्यालाही हे आजच कळत होतं. दोघं शाळेत एका बाकावर बसली, एकाच वर्षी पास झाली. वाढदिवसाची पद्धत घरात नव्हती. दोन दाखले शेजारी ठेवून बघायची वेळच कधी आली नव्हती. खरी तारीख काय, असं त्याने विचारलं, तर आईला एवढंच आठवलं की थोरली अंगणभर पळायला लागली होती आणि एकदा पळता पळता पाळण्यावर आदळली होती. पाळण्यात हा होता. साल काही आठवेना. रात्रभर ती आठवत राहिली आणि सकाळी म्हणाली की एवढी शिकलेली माणसं विचारतायत, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल.

अर्ज भरून देणारा एजंट फोनवर म्हणाला, यात काय अवघड आहे. मुलगा मेलेल्या बहिणीचा, आम्ही सांभाळायला घेतला, असं लिहून सही करा. अर्ज मुलीचा आहे, मुलगी तुमची ठरली की झालं. आईने सांगितलं, मला बहीणच नाही. एजंट म्हणाला, मग जावेचा लिहा.

"लिहून टाक गं," धाकटा म्हणाला. "तिकडे गेलीस की फोन मीच करणार आहे. जाऊबाईंचा मुलगा थोडाच करणार?"

आईने हसून कागद हातात घेतला, पेनही घेतलं. मग दोन्ही मशीनच्या खणात टाकून ती उठली आणि चप्पल घालून गुरुजींकडे गेली. शाळेत दोघांची नावं त्यांनीच घातली होती.

गुरुजी आता ऐंशीच्या घरात होते. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही दाखले खिडकीपाशी नेऊन पाहिले. अक्षर त्यांचंच होतं. मग आठवत आठवत त्यांनी सगळं सांगितलं. थोरली तेव्हा आठाची झाली होती आणि भावाचा हात सोडून वर्गात बसायला तयार नव्हती. धाकट्याला पाचही पुरी नव्हती. नियम सहाचा. मुलगी घरी बसू नये म्हणून त्यांनी दोघांनाही सहाची करून एका वर्गात बसवलं.

"पण एकच तारीख लिहिली असती तर जुळी वाटली असती," गुरुजी म्हणाले. "ते खोटं झालं असतं. म्हणून मी मध्ये पाच महिने ठेवले."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "गुरुजी, पाच महिने?"

गुरुजींनी लग्न केलं नव्हतं. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि कान धरला. आयुष्यभर पोरांची गणितं तपासली आणि आपलं एक तसंच राहून गेलं, असं म्हणून ते सगळं खरं खरं लिहून द्यायला बसले. दोन ओळी झाल्यावर आईने थोरलीला फोन लावून दिला, तिलाही ऐकू दे म्हणून.

थोरलीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी किती वर्षांची आहे?"

"कागदावर आहेस त्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बाळ," गुरुजी म्हणाले.

कागदावरच्या त्याच जन्मतारखेवर तिने नागरिकत्वाची शपथ घेतली होती. आईला आणण्यासाठी खरं सांगावं, तर ज्याच्या बळावर आणायचं तेच डळमळेल की काय, हे तिला कळेना. गुरुजींनाही कळेना. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तू सांगशील तेव्हा पुरं करीन. अर्धं खरं मात्र लिहिणार नाही."

शेवटी थोरलीच हळू आवाजात बोलली. आणखी एक मार्ग होता. डीएनएची तपासणी. कापसाची काडी गालातून फिरवायची, आईची इथे, मुलीची तिथे. मग तारखांना कुणी विचारणार नाही, निदान तिला तसं वाटत होतं. तिला हा मार्ग पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पण आईकडून आईपणाचा पुरावा मागायची लाज वाटत होती.

"घे की," आई म्हणाली. "त्यात लाज कसली?"

प्रयोगशाळेत पांढरा कोट घातलेल्या बाईने आईच्या दोन्ही गालांतून काड्या फिरवल्या, पाकिटात घातल्या, वर शिक्का मारला. झालं, म्हणाली. आई खुर्चीवरून उठेना. तिने दाराशी उभ्या धाकट्याला बोलावून शेजारच्या स्टुलावर बसवलं.

बाईने समजावलं की अर्जासाठी फक्त मायलेकींचं लागतं, याचा निकाल कुणी बघणार नाही. आईने मान डोलावली आणि तशीच बसून राहिली. एकीचंच गेलं, तर दुसऱ्याला आपण नाही म्हटल्यासारखं होतं की नाही, हे तिला नीट सांगता येत नव्हतं. बाहेर लोक खोळंबले होते. बाईने उसासा टाकून नवं पाकीट फाडलं.

धाकट्याला अवघडल्यासारखं झालं. तो आईच्या कानाशी वाकून म्हणाला, "आणि मी नाही निघालो तर?"

"तर कागद चुकला म्हणायचं," आई म्हणाली. "तोंड उघड."