तांब्याभर पाणी अन् विशाखाचं जाकीट

आमच्या विशाखाला पहाड चढायचं लई वेड. उद्या संध्याकाळी ती हिमालयात बर्फावरच्या ट्रेनिंगला निघणार, म्हणून शेजारच्या रईसाभाभी भेटायला आल्या, अन् मला मिरवायची हुक्की आली. पोरीनं भरलेल्या बॅगेतनं मी तिचं लाल जाकीट काढलं. म्हणलं, भाभी, गंमत बघा, अन् खांद्यावर तांब्याभर पाणी ओतलं. अळूच्या पानावरून घसरावं तसं पाणी त्याच्यावरून घसरायचं. चिकलठाण्यातल्या निम्म्या बायांना मी हे दाखवलंय.

आज घसरलंच नाय. खांदा काळाकुट्ट भिजला. मी तांब्या धरून तशीच उभी.

विशाखानं जाकीट नाकाशी धरलं. कपडे मऊ करायच्या सॉफ्टनरचा वास येतोय म्हणाली. ते घालून धुतलं की हे कापड पाणी प्यायला लागतं, असं तिनं घरात शंभरदा बजावलेलं. मी तणतणायला लागले, कोणा मेल्याचा हात लागला म्हणून. मग आठवलं, रविवारी जाकीट धुतलं ते आमच्या ह्यांनी, मोठ्या हौसेनं.

"मीच टाकलं," हे दारातनं म्हणाले. "मुद्दाम इकत आणून. जाकीट बिघडलं की हिचं जाणं रद्द होईल, असं वाटलं."

मी बघतच राहिले. पोरीची निवड झाली तवा गल्लीभर पेढे वाटणारा हाच का तो माणूस? तळपायाची आग मस्तकात गेली. भाभी गुपचूप चपला घालून निघून गेल्या.

विशाखा ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, तुम्ही धुतलंय म्हणून मी तपासलंच नाही. हेच घालून मी बर्फात उभी राहिले असते."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग त्यांनीच ते पोरीच्या खास साबणानं परत धुतलं, वास जाईस्तोवर खळबळून काढलं. सकाळी वाळल्यावर ती सांगंल तसं वर सुती फडकं टाकून हलकी इस्त्री फिरवली, ऊब लागली की कापड परत पाणी झटकतं म्हणून. अन् जाकीट स्वतःच्या अंगात घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून मोरीत जाऊन बसले.

"ओत," मला म्हणाले.

माझा राग उतरला नव्हता. मी आख्खी बादली उपडी केली. पाणी थेंबाथेंबानं घरंगळून गेलं. चेन उघडून हात घातला, आतला शर्ट कोरडा होता. तरी हे थरथर कापत होते.

"अजून एक ओत," म्हणाले.