चाळीस घोडे कमी

कानावरचे आवाज अडवणारे मफ काढल्यावरही काट्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"कमी?" त्याने विचारलं.

"कमी," भाऊ म्हणाले. "पन्नास जमत नसतील तर निदान चाळीस घोडे तरी कमी कर."

काट्याने डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्राच्या, खोलीचं दार ओढून घेतलं. आत लोखंडी चौकटीवर बसवलेलं आठ सिलिंडरचं जुनं इंजिन त्याने नुकतंच बंद केलं होतं. एक्झॉस्टचे पाइप अजून लालसर दिसत होते. इंजिन भाऊंच्या मसल कारचं. ही लांब नाकाची, रुंद बुडाची गाडी भाऊंनी तरुणपणी घेतली आणि पुढे शर्यतीसाठी तयार केली. असलं इंजिन गाडीतून काढून इथे आणायचं, पूर्ण थ्रॉटल देऊन पळवायचं, पाण्याच्या ब्रेकने अडवायचं आणि अडवताना ते किती घोड्यांचा, म्हणजे हॉर्सपॉवरचा, जोर लावतं हे मोजायचं, हा काट्याचा धंदा. पूर्वी हा जोर एका मोठ्या तबकडीवर वाचावा लागे. तिच्या काट्यावर डोळे लावून बसायची सवय जडली आणि त्यावरून त्याला हे नाव पडलं. आता पडद्यावर रेघ उमटते, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचं मागणं एकच असायचं: अजून थोडं निघेल का? त्यासाठी कुणी गळ घालायचं, कुणी रुसून दुसरीकडे जायचं. कमी कर म्हणणारा माणूस काट्याने पाहिला नव्हता. भाऊ थट्टा करत असावेत म्हणावं, तर त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"विकायची आहे का गाडी?"

"नाही."

"मग खालच्या गटात उतरायचंय?"

"नाही रे."

"वहिनींनी सांगितलंय?"

भाऊ जाड काचेतून इंजिनाकडे बघत राहिले. "तिला कळायला नको," ते म्हणाले.

आता तर काट्याला काहीच उमगेना. गाडी भाऊंची असली तरी ती पळवायची त्यांची सून, जिला काट्या वहिनी म्हणायचा. मुलाला गाड्यांचं वेड नव्हतं, त्याला तर मागच्या सीटवर बसलं तरी मळमळायचं. भाऊंचे गुडघे गेले आणि गाडी शेडमध्ये धूळ खायला लागली, तेव्हा सूनच एक दिवस म्हणाली, "बाबा, मी एक चक्कर मारून आणू का?" त्या एका चकरेनंतर भाऊंनी तिला ब्रेक कुठे सोडायचा, गिअर कधी टाकायचा हे सगळं हाताला धरून शिकवलं आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरवलं. ती चांगली धावत होती. भाऊ भेटेल त्याला कौतुकाने सांगत होते.

"गेल्या शर्यतीत गाडी फिरली ती पाहिलीस ना तू?" भाऊंनी विचारलं.

"पाहिली की. गोल फिरून गवतात थांबली. वहिनी हसत हसत उतरल्या."

"ती हसली. मला अजून हसू आलेलं नाही."

"मग बोला त्यांच्याशी."

"काय बोलू? मीच बसवलं तिला. आता मीच म्हणू, उतर?" भाऊंनी खुर्ची ओढली आणि बसले. "माझं ऐकेल ती. तेच तर नको आहे. ऐकेल, गाडीवर कापड टाकेल आणि पुन्हा विषय काढणार नाही."

काट्याला हे पटलं आणि पटलंही नाही. जिचा जीव त्या गाडीत असतो तिच्या पाठीमागे काही करणं त्याला रुचेना. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहराही बघवेना. शेवटी त्याने आधी काय करणार नाही ते सांगितलं. थ्रॉटल अर्धाच उघडेल अशी चलाखी करणार नाही, कारण ऐन वेळी पाय दाबला आणि गाडीने ऐकलं नाही तर जिवाशी खेळ. ठिणगीचं टायमिंगही फार मागे घेणार नाही, एक्झॉस्ट तापून व्हॉल्व्ह जळतील.

"मोठा कार्ब्युरेटर उतरवतो आणि लहान बसवतो," तो म्हणाला. "हवा कमी जाईल, वरचा जोर आपोआप घटेल. पण वहिनींनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"नाही विचारणार. बोनेटखाली कधी डोकावत नाही ती."

लहान कार्ब्युरेटर बसला. पहिल्या रनला हवा-पेट्रोलचं मिश्रण फार पातळ निघालं, म्हणून काट्याने पेट्रोल सोडणारे जेट बदलले, टायमिंग जरासं हलवलं, पुन्हा इंजिन पळवलं. काच थरथरली, टेबलावरचा पेला सरकत कडेपर्यंत गेला. पडद्यावर नवी रेघ जुन्या रेघेवर चढली. उजव्या टोकाला, जिथे इंजिन सगळ्यात जोरात फिरत होतं, तिथे नवी रेघ चांगली खाली होती. बेचाळीस घोडे गेले होते.

भाऊंनी सुस्कारा सोडला. "झालं."

काट्या मात्र डाव्या बाजूकडे बघत होता, जिथे इंजिन हळू फिरत होतं. तिथे नवी रेघ जुनीच्या वर होती, आणि जुन्या रेघेत मधोमध जो खड्डा पडायचा तो भरून निघाला होता. "भाऊ, खालचा पिकअप वाढलाय," तो म्हणाला. "म्हणजे..."

"खालचं मला नको सांगूस. वर किती?"

"वर बेचाळीस कमी."

"बस," म्हणत भाऊ उठले.  काट्याच्या स्वतःच्याच मनात नीट जुळत नव्हतं, तर दुसऱ्याला काय समजावणार.

इंजिन गाडीत गेलं. सरावाच्या दिवशी ट्रॅकच्या भिंतीशी दोघं उभे होते, स्टॉपवॉच भाऊंच्या हातात. सून हेल्मेट चढवून गाडीत बसली, हात हलवला आणि गेली. सरळ पट्ट्यावर गाडीचा आवाज पूर्वीसारखा छातीत घुमला नाही. भाऊ खूश दिसले. फेरी पूर्ण झाली, त्यांनी बटण दाबलं, आकडा पाहिला, घड्याळ कानाशी नेऊन हलवलं.

"बिघडलंय हे," ते म्हणाले.

दुसऱ्या फेरीला काट्याने आपल्या फोनवरही वेळ लावली. दोन्हीकडे एकच आकडा. तिसऱ्या फेरीला तो आणखी खाली आला. चाळीस घोडे कमी झालेली गाडी तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा दीड सेकंद लवकर परतली होती.

"तू नक्की कमीच केलंस ना?" भाऊंचा आवाज खाली आला.

"तुमच्या डोळ्यांदेखत केलं."

"मग ही धावते कशी?"

गाडी आत आली. सून उतरली, हेल्मेट काढलं, केस मागे सारले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिचाही चेहरा कोड्यात पडल्यासारखा होता. तिने काट्याला विचारलं, "दादा, हिला झालंय काय? सरळ रस्त्यावर दमते. मला वाटलं, एखादा प्लग गेला. पण वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की लगेच निघते. आधी कशी थांबायची, थांबायची आणि एकदम लाथ मारायची. ती लाथच नाहीये आता."

काट्याने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. सुनेने दोघांकडे पाहिलं आणि बोनेट उघडलं.

"हा आपला कार्ब्युरेटर नाही," ती म्हणाली.

"नाही," काट्या म्हणाला. "लहान आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी," भाऊ म्हणाले. "जोर कमी करायला सांगितला होता. तू त्या दिवशी गवतात गेलीस, तेव्हापासून डोळा लागत नाही माझा. वाटलं, गाडी हळू झाली तर..." त्यांनी स्टॉपवॉच तिच्यापुढे धरलं. "आणि ही तर जास्तच पळायला लागली. मला काही समजत नाहीये."

 सुनेला राग आला होता हे दिसत होतं. पण रागाने बोलायला सुरुवात केली की डोळ्यांपुढे तो दीड सेकंद येत असावा, कारण ती पुन्हा वाकून त्या लहान कार्ब्युरेटरकडे बघायला लागली.

"बाबा, त्या दिवशी गाडी का फिरली माहितीये?" ती अखेर म्हणाली. "वळणात मी पाय दाबला, काहीच झालं नाही. अजून दाबला, आणि सगळा जोर एकदम आला. मागची चाकं सुटली. मी हसले ती घाबरून."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही गाडी काढून घ्याल म्हणून."

काट्याने मग धीर करून सांगितलं. कार्ब्युरेटर इंजिनाच्या मानाने फार मोठा होता. इंजिन हळू फिरत असताना त्यातून हवा सुस्तपणे जायची, पेट्रोल नीट मिसळायचं नाही. लहानातून हवा जोराने जाते, म्हणून गाडी खालपासून सलग ओढते. वरचा जोर सरळ पट्ट्यावर लागतो आणि या ट्रॅकवर सरळ पट्टा कमी, वळणंच फार. "त्या दिवशी हेच सांगत होतो तुम्हाला," तो भाऊंना म्हणाला, "पण मलाही एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे आता ती फिरायची नाही?"

"फिरणारच नाही असं कसं सांगू? कमी फिरेल."

"आणि जास्त पळेल."

"हो."

भाऊंनी स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"यापुढे मला विचारल्याशिवाय हिला हात लावायचा नाही," सून म्हणाली. "दोघांनीही. आणि हाच कार्ब्युरेटर ठेवायचा." तिने बोनेट आपटलं नाही, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं.

पुढचे काही दिवस घरात ती सासऱ्यांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. भाऊंच्या मुलाने काट्याला फोन करून विचारलं, "नेमकं झालंय काय?" काट्याने खालचा पिकअप, वरचा जोर वगैरे सांगायला घेतलं. "गाडीचं नाही, घराचं विचारतोय," मुलगा म्हणाला. 

शर्यतीत सून दुसरी आली. सरळ पट्ट्यावर दोघं तिला मागे टाकायचे आणि प्रत्येक वळणानंतर ती पुन्हा त्यांच्यापुढे निघायची. शेवटी त्यातला एकच पुढे राहिला. भाऊ सबंध शर्यतभर भिंतीकडे पाठ करून उभे होते. दर फेरीला "आली का?" म्हणून विचारायचे, काट्या "आली" म्हणायचा.

संपल्यावर गाड्या परत न्यायच्या जागेत भाऊंनी त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग. माझं काम झालं की नाही?"

काट्याने विचार केला. मागितलं होतं ते दिलं होतं आणि झालं होतं उलटंच. ते उलटं झालं हेच बरं असावं, असंही वाटत होतं. "मलाही नाही कळलेलं, भाऊ," तो म्हणाला.

"बाबा," सुनेने ट्रेलरपाशी हाक मारली. हेल्मेट अजून तिच्या डोक्यावर होतं. "गप्पा नंतर मारा. हिला वर चढवायचंय, मागून हात लावा."

भाऊ लंगडत गेले आणि गाडीच्या गरम बुडाला दोन्ही तळवे टेकून ढकलायला लागले.